जोखीम गळते, की तिची झळ लागते?

प्रश्न असा आला आहे: देशोदेशींच्या रोखेबाजारांवरचा मजकूर मराठीत आणताना 'रिस्क स्पिलओव्हर'ला, म्हणजे एका देशाच्या बाजारातली जोखीम दुसऱ्या देशात पोहोचण्याला, 'जोखीम-गळती' म्हटले तर चालेल का?

माझ्या मते नाही. गळतीत मूळ भांडे रिकामे होत जाते. जोखीम शेजारी पोहोचली म्हणून घरची कमी होत नाही. 'सांडणे', 'पाझरणे' यांतही हीच अडचण. नेमका शब्द आपल्या तोंडात आधीच आहे: झळ. आग जिथल्या तिथे असते आणि शेजारचा भाजतो. महागाईची झळ, दुष्काळाची झळ म्हणतोच, मग रोख्यांची का नको? शिवाय कोणाची झळ कोणाला लागली हे विभक्तीच सांगून टाकते, आणि या विषयात सगळा शोध त्याचाच असतो.

सायप्रसवर शब्द घासून पाहू. युरोपच्या बँक-नियमांत युरो देशांच्या सरकारी रोख्यांवर जोखीमभार शून्य धरता येई. म्हणजे त्यांच्यापोटी बँकेला भांडवल राखून ठेवावे लागत नसे. सायप्रसच्या दोन सर्वांत मोठ्या बँकांनी ग्रीसचे रोखे भरपूर घेतले होते. मार्च 2012मध्ये ग्रीसच्या खाजगी धनकोंना दर्शनी किमतीच्या 53.5 टक्क्यांवर पाणी सोडावे लागले. वर्षभराने, मार्च 2013मध्ये, सायप्रसमधल्या बँका जवळजवळ दोन आठवडे बंद होत्या. कारणे आणखीही होती, पण 'ग्रीसची झळ सायप्रसला लागली' हे वाक्य कुठे अडखळत नाही. 'ग्रीसची जोखीम सायप्रसमध्ये गळली' हे मोठ्याने वाचून पाहा.

आता क्रियापद. नियमनाने झळ 'रोखली' असे सरसकट लिहू नये. शून्य भाराच्या सवलतीने तर शेजारच्या घरात जळणच रचून ठेवले. तिथे 'झळ वाढवली' हेच खरे. उलट, 1 नोव्हेंबर 2012पासून युरोपीय संघाने, एखाद्या देशाचे रोखे किंवा त्यांच्याशी निगडित देणेघेणे हाती नसताना त्याच्या कर्जबुडीवरचा विमावजा करार विकत घेण्यास बंदी केली. हेतू आडोसा घालण्याचा होता, म्हणून तिथे 'झळ अडवण्यासाठी' शोभते.

'संसर्ग' मात्र 'कंटेजन'साठी राखून ठेवावा: प्रत्यक्ष व्यवहारांनी उलगडणार नाही इतकी पडझड निव्वळ घबराटीने पसरते, तेव्हा. आणि त्याच काळात घाबरलेला पैसा जर्मनीच्या रोख्यांकडे धावला, तिथले व्याजदर उतरले. त्याला झळ म्हणता येणार नाही, तो ओघ.