तापमान तेवढेच असूनही एखादा दिवस आल्हाददायक, तर दुसरा उकाड्याचा का वाटतो?

हा फरक मुख्यतः हवेतील बाष्पामुळे पडतो. घाम वाळताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे २४०० ज्यूल उष्णता ओढून घेतली जाते आणि अंग निवते; परंतु हवा आधीच दमट असली की तो वाळत नाही, नुसता मानेवरून ओघळत राहतो आणि जीव कासावीस होतो. म्हणूनच हवामानाच्या अंदाजात सापेक्ष आर्द्रतेपेक्षा (त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या किती टक्के बाष्प आहे, यापेक्षा) दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाल्यावर दव पडू लागते, ते तापमान) पाहावा, असे मी आवर्जून सांगेन: तो १६ अंश सेल्सिअसच्या खाली असल्यास हवा सहसा सुखद वाटते, २१ च्या वर गेल्यास घुसमट जाणवते. वाऱ्याने दिलासा मिळतो. मात्र हवा त्वचेहून, म्हणजे साधारण ३५ अंशांहून, अधिक तापली की तोच वारा अंगाला उष्णता देऊ लागतो, त्यामुळे अशा वेळी केवळ पंख्यावर विसंबू नये.