पत्रिका देवीपुढे ठेवली होती, तरीही

चि. पोरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री साडेबाराला आला तेव्हा मी जागीच होते. पण ते मोबाइलवर दोन ओळींत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सकाळी कागद घेतला.

"पहिली पत्रिका अंबादेवीपुढे ठेवली, दुसरी एकवीरेपुढे, कुळाचारात काही चुकलं नाही, मग लग्नाला अकरा दिवस उरले असताना बाबांनाच का?" असं तू विचारलंस. मला माहीत नाही, पोरी. आणि ज्याला माहीत आहे असा कुणी भेटला, तर त्याच्यापासून जरा लांबच राहा. दवाखान्याच्या बाकावर येऊन "देव करतो ते बऱ्यासाठीच" म्हणणारे आता पुष्कळ येतील. बाबांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, उजवं अंग लुळं पडलं, यात बरं काय ते मला दिसत नाही. देवीपुढे पत्रिका ठेवतो ती आमंत्रणाची. हमीपत्रावर तिची सही घ्यायला आपण जात नाही. आणि बोलावलेला पाहुणा मांडवातच येईल असं थोडंच आहे? या खेपेला तो वॉर्डात आला असेल.

तुझ्या आईनं गेल्या वर्षी तुझ्यासाठी रुक्मिणी स्वयंवराचं पारायण केलं होतं, आठवतं? आपल्याकडे लग्न जमावं म्हणून ते करतात आणि जमलं की पोथी कापडात बांधून ठेवतात. खरं तर लग्न मोडायची वेळ येते तेव्हा रुक्मिणी वाचावी. ती आपल्याच मुलखातली. वर्धेच्या काठचं कौंडण्यपूर तिचं माहेर, आणि तिला कृष्णानं अंबादेवीच्या देवळातून नेलं असं आपण अमरावतीकर लहानपणापासून ऐकत आलो. भावानं तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलेलं, वऱ्हाड दारात. तिचा कृष्णावर विश्वास होता म्हणून ती जप करत बसली का? तिनं पत्र लिहिलं. भागवतात त्या पत्राचे सात श्लोक आहेत आणि त्यात नुसती भक्ती नाही, बेत आहे: लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कुलदेवीची यात्रा असते, नवरी गावाबाहेर देवळात जाते, तिथे ये. वेळ सांगितली, जागा सांगितली, उगाच रक्तपात कसा टळेल तेही सांगितलं. मग ते एका ब्राह्मणाच्या हाती दिलं.

आणि तो ब्राह्मण लवकर परतला नाही. एक रात्र उरली तेव्हा तिच्या मनात आलं, माझ्यातच काही खोट दिसली असेल, देवीनंही पाठ फिरवली असेल. तिचे डोळे भरले. व्यासांनी हे लपवलेलं नाही. पण त्याच श्लोकात तिला 'कालज्ञा' म्हटलंय, वेळ ओळखणारी. भरलेले डोळे तिनं मिटून घेतले, कारण अजून वेळ होती. मला वाटतं विश्वास म्हणतात तो एवढाच असतो: रडू येतं, तरी पत्र गेलेलं असतं.

तेव्हा तुझं पत्र आधी पाठव. सासरी फोन तू स्वतः कर, मामांकडून निरोप नको. कार्यालयवाल्याकडे पैसे परत मागू नकोस, तारीख बदलून माग. आगाऊ रक्कम सहसा परत देत नाहीत, तारीख मात्र देतात. बदललेली तारीख पावतीवर लिहून घे. आचाऱ्याला आजच कळव, त्यानं किराणा भरला की बोलणं अवघड होतं. तुझ्या काकांनी "त्याच दिवशी कोर्टात सही करून टाका" म्हटलं, ते होणार नाही. विशेष विवाह कायदा १९५४ चा, त्यात ३० दिवसांची नोटीस लागते. देवळात चार माणसांत उरकायचं असेल तर ती गोष्ट वेगळी. करोनात, एप्रिल २०२१ मध्ये, सरकारनं लग्नाला २५ माणसं आणि २ तास एवढंच ठेवलं होतं, मोडलं तर ५० हजार दंड. आमच्या गल्लीतल्या मुलाचं लग्न तसंच झालं, संसार छान चाललाय. पण ते बाबांना विचारल्याशिवाय ठरवू नका. बोलता येत नसलं तरी मान हलवून सांगतील.

उजव्या हातानं त्यांना कन्यादानाचं उदक सोडता येणार नाही, म्हणून तू रडतेस हे आई म्हणाली. अगं, धार तुझी आईच धरते. बाबांच्या हाताखाली काकांनी हात धरला तरी चालतं, मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता 'पोरीचाच पायगुण वाईट' या बोलण्याबद्दल. हे कुणीतरी म्हणणारच, बहुतेक वेळा फार जवळचं. माझ्या वेळी आत्या म्हणाली होती. १९८१ चा वैशाख, लग्नाला चार दिवस, आणि माझे सख्खे काका गेले. नांदीश्राद्ध, म्हणजे शुभकार्याआधी पितरांसाठी करतात तो विधी, झालेलं असतं तर सुतक आडवं आलं नसतं, लग्नाच्या दहा दिवस आधीपर्यंत ते करता येतं, असं गुरुजींनी नंतर सांगितलं. ते झालं असतं तरी आम्ही थांबलोच असतो. काकू ओटीवर पडून होती, मी बोहल्यावर कशी उभी राहणार? मी थोरली, होणारे यजमानही घरात थोरले, म्हणून ज्येष्ठ महिना बाद. मग चातुर्मास. थेट मार्गशीर्षात लग्न झालं. ते सहा-सात महिने मी विहिरीवर जायची वेळ बदलली होती, पांढऱ्या पायाची हे शब्द कानावर पडू नयेत म्हणून. देवाशी अबोला धरला होता. संध्याकाळचा दिवा लावायची, हात मात्र जोडत नव्हते.

काकांच्या तेरवीला सासरे आले होते. पंगतीत बसले, जेवले, आणि हात धुताना माझ्या बाबांना म्हणाले, "तारीख तुम्ही सांगा, पोरगी आमचीच आहे." ताक वाढताना मी ते ऐकलं. त्या माणसाला मी पुढे तेवीस वर्षं 'मामंजी' म्हटलं. ज्योतिषानं छत्तीस गुण जुळवून दिले असते तरी मला तेवढं कळलं नसतं. तुझ्या सासरच्यांची वाट बघ, पण त्यांना वेळही दे. पहिल्या दिवशी माणसं घाबरून काहीबाही बोलतात.

हात जोडावेसे वाटत नसतील तर जोडू नकोस. दिवा लाव.

बाबांचे व्यायाम मात्र एकही दिवस चुकवू नका, सुरुवातीचे तीन महिने फार मोलाचे असतात. मी बुधवारी सकाळच्या गाडीनं नागपूरला येते. डब्यात काय आणू ते कळव, आणि बाबांना पातळ गिळायची परवानगी आहे का हे डॉक्टरांना नीट विचार. अर्धांगात साध्या पाण्यानंही ठसका लागतो. चालत नसेल तर मुगाची घट्ट खिचडी आणीन, मीठ कमी घालून.

तुझी,
बाई