डेमोक्रॅटिक पक्षाची सर्वांत भक्कम विजयी जोडी कोणती?

प्रश्न : 1936 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत अध्यक्षपदाचे उमेदवार रूझवेल्ट आणि उपाध्यक्षपदाचे उमेदवार गार्नर यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. मग डेमोक्रॅटिक पक्षाची सर्वांत भक्कम जोडी तीच, असे म्हणायला हरकत काय?

उत्तर : आपल्याकडे ‘तिकीट’ म्हणजे उमेदवारी, अमेरिकेत मात्र अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या दोन्ही पदांचे उमेदवार मिळून एकच तिकीट होते आणि मतदार त्या जोडीला मत देतो. म्हणून विजय केवढा मोठा होता यापेक्षा त्यात दुसऱ्या नावाचा वाटा किती होता, हे मी आधी पाहतो. 1936 मधली 523 विरुद्ध 8 इलेक्टोरल मते (राज्याराज्यांतून मिळणारी, अध्यक्ष ठरवणारी मते) ही रूझवेल्ट यांची कमाई होती. गार्नर यांचे खरे मोल 1932 मध्ये उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या शिकागो अधिवेशनात दिसले. टेक्सास आणि कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी गार्नर यांची बाजू सोडून रूझवेल्ट यांच्याकडे वळले, तेव्हा कुठे मतदानाच्या चौथ्या फेरीत रूझवेल्ट यांना उमेदवारी मिळाली. 1964 मध्ये जॉन्सन आणि हम्फ्री यांनी 61 टक्के मते घेतली, तीही हम्फ्री यांच्यामुळे नव्हेत.

प्रश्न : मग पहिला क्रमांक कोणाला द्याल?

उत्तर : 1960 च्या केनेडी आणि जॉन्सन यांना. केनेडी 43 वर्षांचे, मॅसॅच्युसेट्सचे आणि कॅथलिक. दक्षिणेतल्या प्रोटेस्टंट मतदारांना त्यांच्याविषयी खात्री वाटत नव्हती. जॉन्सन टेक्सासचे आणि सिनेटमधील बहुमतवाल्या पक्षाचे नेते. ऑक्टोबरात त्यांनी रेल्वेने दक्षिण पालथी घातली, गावोगावच्या स्थानकांवर भाषणे केली. मतदानाला चार दिवस उरले असताना डॅलसच्या ॲडॉल्फस हॉटेलात विरोधकांच्या जमावाने त्यांना आणि त्यांच्या पत्नीला घेरले, शिव्याशाप दिले. जॉन्सन मात्र घाई न करता पावलापावलाने त्या गर्दीतून चालत गेले आणि ते दृश्य देशभर पोहोचले. टेक्सासची 24 इलेक्टोरल मते अखेर सुमारे 46 हजार मतांच्या फरकाने हाती आली. टेक्सास गेले असते तरी केनेडी 279 वर, म्हणजे बहुमताच्या 269 च्या पुढेच राहिले असते, हे मला मान्य आहे. परंतु जॉन्सन नसते तर दोन्ही कॅरोलायना आणि लुइझियानाही टिकली असती, असे मला वाटत नाही.

प्रश्न : क्लिंटन आणि गोर दोघेही दक्षिणेतले. मग जोडीत समतोल हवा, या समजाचे काय?

उत्तर : आर्कान्सा आणि टेनेसी ही तर शेजारचीच राज्ये, आणि दोघांच्या वयात जेमतेम दीड वर्षाचे अंतर. 1992 मध्ये अधिवेशन संपताच दोघे सपत्नीक बसने प्रचाराला निघाले, तेव्हा पिढी बदलते आहे हे न सांगताही लोकांना दिसले. समतोल हा एक मार्ग आहे, एकमेव नाही.

प्रश्न : 1944 च्या रूझवेल्ट आणि ट्रूमन या जोडीला तुम्ही मागे का ठेवता?

उत्तर : ट्रूमन यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. रूझवेल्ट यांची प्रकृती ढासळली आहे, हे जाणून पक्षाच्या धुरीणांनी तेव्हाचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांना बाजूला सारून ट्रूमन यांना पुढे आणले, आणि ही निवड पुढे योग्य ठरली. पण उपाध्यक्षपदाच्या 82 दिवसांत अध्यक्षांनी त्यांना जवळजवळ कशातच सामील करून घेतले नाही. अणुबॉम्बच्या प्रकल्पाची माहितीसुद्धा त्यांना रूझवेल्ट यांच्या निधनामुळे 12 एप्रिल 1945 रोजी अध्यक्षपदाची शपथ घेतल्यानंतर मिळाली. जोडी म्हणून मी तिला वर नेऊ शकत नाही, ते यामुळेच.