गेलेली भीती परत आली म्हणजे सगळं वाया गेलं का?

"मॅडम, वर्षभर लिफ्टने बिनधास्त जात होतो. आता दार बंद झालं की पुन्हा घाम फुटतो. एवढी मेहनत पाण्यात गेली का?" समोर बसलेले गृहस्थ विचारत होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पूर्वी ते लिफ्टमध्ये अडकले होते. त्यानंतर टप्प्याटप्प्याने सराव करून त्यांनी भीतीवर मात केली होती. आता वडील आजारी पडून रुग्णालयात होते, रात्री जागून निघत होत्या आणि कामाचा ताणही होताच.

हा प्रश्न मला फार जण विचारतात, आणि विचारताना स्वतःलाच दोष देत असतात. म्हणून मी आधी मेंदूत काय घडतं ते सांगते.

सरावाने भीतीची आठवण पुसली जात नाही. 'लिफ्ट म्हणजे धोका' ही जुनी नोंद राहते आणि 'लिफ्टमध्ये काही होत नाही' ही नवी नोंद तिच्या शेजारी तयार होते. धोक्याची घंटा वाजवतो तो मेंदूतला अमिग्डाला हा भाग. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स नव्या नोंदीच्या आधारे त्याला आवरतो. ताण वाढला की नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची रसायनं वाढतात. त्यामुळे हा आवरणारा भागच ढिला पडतो, तर अमिग्डाला जास्त सावध होतो. नवी नोंद शाबूत असते, पण त्या घडीला ती हाताशी येत नाही.

कँडिस रायो, एलिझाबेथ फेल्प्स या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये हेच दाखवलं. सहभागींना काही चित्रांसोबत सौम्य विजेचा झटका देऊन त्या चित्रांची भीती निर्माण केली, मग विचारांची दिशा बदलून ती कमी करायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी काहींना बर्फगार पाण्यात तीन मिनिटं हात धरायला लावला. त्यांना शिकलेलं तंत्र वापरून भीती कमी करता आली नाही. कोमट पाण्यात हात धरलेल्यांना आली. एवढासा ताण पुरला! मग महिनाभराच्या जागरणाचं काय सांगावं?

ऐकता ऐकता त्यांचे खांदे सैल झाले. पण जिना धरण्याचा त्यांचा बेत मला मान्य नव्हता. टाळल्याने त्या क्षणी सुटका होते, पण जुनीच नोंद बळकट होते. म्हणून आम्ही सराव छोटा केला: सोबत बहीण, एकच मजला, आणि धडधड ओसरू लागेपर्यंत वर-खाली फेऱ्या. ताणात 'घाबरू नकोस' असं मनाला समजावणं बहुतेक वेळा फसतं, म्हणून त्यावर भर दिला नाही. त्याआधी रात्रीच्या पाळ्या भावंडांत वाटून घ्यायला लावल्या. झोप सावरल्याशिवाय सरावाचा उपयोग कमी, असं माझं ठाम मत आहे.

वडील घरी येईपर्यंत ते पुन्हा एकटे लिफ्टने जाऊ लागले होते. तुमच्याही बाबतीत असं झालं, तर आधी झोप आणि ताण बघा आणि अगदी लहान पायरीपासून सराव धरा. प्रसंग डोळ्यांपुढून हलत नसेल, दचकून जाग येत असेल, महिना उलटूनही रोजची कामं अडत असतील, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला वेळ लावू नका.