आत किती आलं, बाहेर किती गेलं

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शाश्वतता विभागात तुला घेतलं, टेबल दिलं आणि वार्षिक अहवालाचं काम हातात दिलं. प्रतिटन उत्पादनामागे पाणी आणि वीज कमी झाली, असं अहवालात लिहायचं आहे, आणि ते खरंही आहे. पण उत्पादन वाढल्यामुळे एकूण पाणी वाढलं, हे वाक्य तू लिहिलंस आणि वरिष्ठांनी ते मसुद्यातून काढून टाकलं. आता तू विचारतेस, इथं राहून काही होण्यासारखं आहे का, की राजीनामा देऊन एखाद्या संस्थेत जाऊ?

राजीनाम्याचं नंतर बघू. आधी मला सांग, तुमच्याकडे महिन्याला कच्चा माल किती येतो? त्यातला किती तयार मालात उतरतो? उरलेला कुठं जातो? तुझ्या एवढ्या लांबलचक पत्रात यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. घुसमट आहे, अपराधीपणा आहे, नदीबद्दल फार सुंदर लिहिलेला परिच्छेद आहे. आकडा एकही नाही. मला राग आला, आणि तो लपवायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

वस्तुमान नष्ट होत नाही हे तू शाळेत शिकलीस. कारखान्याच्या गेटमधून आत आलं की भलेभले ते विसरतात. आत आलेली प्रत्येक गोष्ट एकतर माल होऊन बाहेर जाते, नाहीतर धुराड्यातून, गटारातून, स्क्रॅपच्या गाडीतून जाते, किंवा आवारात साठून राहते. याखेरीज वाट नाही. म्हणून उद्योगानं पर्यावरणासाठी काय करावं, या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि मी ते आयुष्यभर लोकांना कंटाळा येईपर्यंत दिलं: आत किती आलं, बाहेर किती गेलं, ते मांडा. वृक्षारोपण त्यानंतर. घोषवाक्य तर त्याच्याही नंतर.

तुमच्या उत्पादनाच्या तक्त्यात 'प्रोसेस लॉस' नावाची एक ओळ असेल. घरखर्चाच्या वहीत 'किरकोळ' असतं ना, तशी. जे सापडत नाही ते तिच्यात ढकलायचं. ती ओळ तुझी. बाकीचा अहवाल कुणीही लिहील. ज्याला आपण सांडपाणी, गाळ, धूर म्हणतो तो पैसे मोजून विकत घेतलेला कच्चा माल असतो. त्याच्यावर वीज खर्च होते, मजुरी खर्च होते, आणि शेवटी तो फेकण्यासाठीही पैसे द्यावे लागतात. हा हिशोब कसा मांडायचा याचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा २०११ पासून आहे, आयएसओ १४०५१. गंमत बघ, भिंतीवर पर्यावरण व्यवस्थापनाच्या १४००१ चं प्रमाणपत्र लावणारे ठिकठिकाणी भेटतात. ते मानक व्यवस्था मागतं, प्रदूषण अमुक इतकंच असावं असा आकडा घालून देत नाही. १४०५१ चं नाव काढलं की मात्र लोक घड्याळाकडे बघतात.

जपानमधल्या मिनामाताची पाऱ्याची विषबाधा तुला माहीत आहे, पण तू ते आजाराची गोष्ट म्हणून वाचलं असशील. एकदा स्टोअरकीपरच्या नजरेनं वाच. चिस्सो कंपनीचा तो कारखाना ॲसिटाल्डिहाइड बनवायचा आणि त्यात पारा उत्प्रेरक म्हणून वापरायचा. उत्प्रेरक खर्च होत नाही असं पुस्तक सांगतं. मग नवा पारा का घ्यावा लागायचा? भर घातलेला प्रत्येक किलो कुठंतरी गेलेल्या किलोच्या जागी येत होता. तो सांडपाण्याबरोबर खाडीत जात होता, त्यातला काही मिथाइल पारा या जहाल विषारी रूपात. तिथून माशांत, माशांतून माणसांत. आजाराची अधिकृत नोंद १९५६ ची. कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५९ मध्ये पाऱ्याकडे बोट दाखवलं. सांडपाणी सोडणं थांबलं १९६८ साली. एवढी वर्षं वाद कशावर, तर कारण काय यावर! खरेदीच्या वहीतून शिलकीची वजाबाकी करायला विद्यापीठ लागत नाही. आत किती आलं, बाहेर किती गेलं.

तू म्हणशील, आमच्याकडे पारा नाही आणि आमचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, उत्तम चालतो. ईटीपी हा विषय माझ्यासमोर जपून काढ. रंग गाळात गेला, गाळ गाडीत गेला, गाडी गेटबाहेर गेली, आणि तक्त्यात 'पाणी निर्धोक'. पदार्थ मात्र तेवढाच आहे, फक्त पत्ता बदलला. पाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची योजना आणली तर तिचाही हिशोब मांड: एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे टनामागे सव्वासहाशे युनिटच्या वर उष्णता. बाष्पक टप्प्याटप्प्यांचे असले तर हा खर्च बराच उतरतो, पण शून्य होत नाही. आणि तळाला उरलेलं मीठ तिथंच बसलेलं असतं. काही ठिकाणी हा उपाय लागतोच, मी नाही म्हणत नाही. पण एवढं मीठ मुळात घातलं का, हे आधी विचार. रंगाच्या वा मुलाम्याच्या टाकीतून काढलेला जॉब, म्हणजे रंगवायची वस्तू, काही सेकंद जास्त निथळू दिला, धुण्याच्या एका टाकीऐवजी दोन ठेवून पाणी मालाच्या उलट दिशेनं फिरवलं, तर पाणी आणि रसायन दोन्ही वाचतं. यात सत्कार करण्यासारखं काही दिसत नाही, म्हणून कुणी करत नाही.

वीज आणि वाफ यांबद्दल फार लिहीत नाही, ते सोपं आहे. रविवारी कारखाना बंद असताना कॉम्प्रेसर रूममध्ये जाऊन कान देऊन उभी राहा. गळतीत कॉम्प्रेस्ड हवेचा पाचवा हिस्सा सहज जातो. व्हॉल्व्ह आवळून पंप चालवत असतील तर त्याऐवजी वेग कमी करायला सांग. सेंट्रिफ्यूगल पंपाचा वेग २० टक्के उतरवला की वीज जवळपास निम्मी होते. मेंटेनन्सवाल्यांना हे ठाऊक असतं, त्यांना कुणी विचारत नाही.

अवघड जागा वेगळी आहे. सिमेंट घे. १०० किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट भाजलं की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघणार. भट्टी कोळशावर चालव नाहीतर सौरऊर्जेवर, चुनखडीला त्याचं सोयरसुतक नाही. माणसाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात या उद्योगाचा वाटा ७-८ टक्के आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक या भाजण्यातूनच येतो. म्हणजे विजेची बिलं हिरवी करून भागणार नाही, क्लिंकरच, म्हणजे चुनखडी भाजून झालेला सिमेंटचा मूळ घटकच, कमी वापरावं लागेल. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणता येतं, हे सिद्ध झालंय. हा उपाय घोषणेतून आलेला नाही, तो ४४ या आकड्याकडे टक लावून बसणाऱ्यांना सुचला.

आणि माल होऊन बाहेर गेलं म्हणजे आपण सुटलो, असंही समजू नकोस. थ्रीएम कंपनीनं १९७५ मध्ये, प्रदूषण मुळाशी रोखणं परवडतं असं सांगत, कार्यक्रम सुरू केला. कच्चा माल बदला, प्रक्रिया बदला, यंत्र बदला, उरलेलं परत वापरा. मी त्यातून पुष्कळ शिकलो. त्याच कंपनीनं निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत अशी फ्लोरिनयुक्त रसायनं कित्येक दशकं विकली. ती जगभर माणसांच्या रक्तात सापडली. शेवटी २०२२ च्या डिसेंबरात तिनं जाहीर केलं की २०२५ अखेर ती बनवणं थांबवू. सांडलेल्या मालाचा हिशोब त्या कार्यक्रमात होता. विकलेला मालही बाहेरच जातो, ही नोंद करायची राहून गेली. तुझ्या ताळेबंदात गेटवर पूर्णविराम देऊ नकोस.

कोणी तुला डेन्मार्कमधल्या कालुनबोर्गची गोष्ट सांगून भारावून टाकेल. एकाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल, वीजकेंद्राची वाफ शेजारच्या कारखान्यांना, धुरातलं गंधक पकडून झालेलं जिप्सम बोर्ड बनवणाऱ्याला. गोष्ट खरी आहे आणि मलाही आवडते, कारण ती कुणी परिषद भरवून आखली नव्हती. १९६१ मध्ये भूजल वाचवायला तळ्याचं पाणी आणलं, १९७२ मध्ये वाया जाणारा वायू शेजाऱ्यानं इंधन म्हणून घेतला, एकेक व्यवहार जुळत गेला. आपल्याकडून काय जातं आणि शेजाऱ्याकडे काय येतं हे दोघांनाही माहीत असल्याशिवाय असा व्यवहार होत नाही. पण कचऱ्याला गिऱ्हाईक मिळालं की तो कमी करायची इच्छाही मरते, हेही लक्षात ठेव. कोळसा गेला की जिप्समही जातं.

आता तुझं ते काढून टाकलेलं वाक्य. प्रतिटन आकडा खोटा नाही, अर्धा आहे. नदी प्रतिटन वाहत नाही. इंजिनं सुधारल्यानं कोळसा कमी न लागता जास्तच लागतो, हे जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञानं १८६५ मध्येच सांगून ठेवलंय. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छाप. काढले तर पुन्हा घाल, पुन्हा काढले तर पुन्हा घाल, आणि प्रत्येक वेळी ते कुणी काढले हे ईमेलवर राहू दे.

मी अशाच एका कागदावर सही केली नव्हती. कारखान्याचं नाव सांगत नाही. दोन आकडे जुळत नव्हते, मी म्हटलं जुळवून द्या, ते म्हणाले तू इंजिनिअर आहेस की मुनीम. मी नोकरी सोडली. आजही तिथले जुने लोक भेटले की म्हणतात, तू थोडं नमतं घेतलं असतंस तर प्लांट हेड झाला असतास, पुष्कळ काही बदलता आलं असतं. मी त्यांना सांगतो, ज्या खुर्चीसाठी पहिल्याच दिवशी वजाबाकी विसरावी लागते त्या खुर्चीत बसून कुणी काय बदललंय? बरोबरच आहे माझं. फक्त माझ्या जागी आला त्यानं आठवड्याभरात सही केली, आणि मी बाहेर असल्यानं पुढचे आकडे मला कधीच कळले नाहीत. याची खंत आहे. तुला राहा म्हणतोय ते याच्यामुळे. हट्टीपणा सोड असं मी कुणालाच सांगणार नाही, पण तो मीटरजवळ राहून कर.

तर सोमवारी अहवाल बाजूला ठेव. एकच विभाग निवड, सगळ्यात गलिच्छ. स्टोअरमधून महिन्याची इश्यू स्लिप घे, तयार मालाचं वजन घे, गाळाच्या गाड्यांच्या वजनपावत्या घे. रात्रपाळीच्या ऑपरेटरला चहा पाज आणि लॉगबुकात न लिहिलेलं विचार. ताळेबंद पहिल्यांदा जुळणार नाही. कधीकधी शेकडा दहाचा फरक येईल आणि सगळे म्हणतील चालतं एवढं. चालत नाही. तो फरक कुठल्या पाईपमधून जातो ते शोध, आणि सापडला की मला लिही. त्या पत्रात नदीवर परिच्छेद असला तरी चालेल.

राजीनाम्याबद्दल तेव्हा बोलू.

तुझा,
सर

ता. क. फ्लो मीटर मागशील तेव्हा मागणीपत्रात 'पर्यावरण' हे कारण घालू नकोस. 'कच्च्या मालातील घट शोधणे' असं लिही. पहिल्या कारणाची फाइल तुमच्याच विभागात फिरत बसते. दुसरी अकाउंट्सकडे जाते, आणि तिथं कुणीतरी ती वाचतं.