टी६ हेडलाइट उघडून एलईडी बदलायचाय? आधी पॅक तपास, मग थर्मल पेस्ट, मग एलईडी

तू लिहिलंयस त्यावरून तुझ्याकडे तो गोल ॲल्युमिनियमचा हेडलाइट आहे, सायकलच्या हँडलला ओ-रिंगने (गोल रबरी रिंगने) अडकवायचा, वेगळा चार सेलचा बॅटरी पॅक आणि ८.४ व्होल्टचा चार्जर. दोन-तीन वर्षं वापरलास, आता उजेड कमी पडतो, पावसात ओला डांबरी रस्ता दिसतच नाही, पुढच्या महिन्यात ३०० ची बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायची ३०० किलोमीटरची सायकल राइड) आहे आणि तुला एलईडी बदलून उजेड दुप्पट करायचाय. करता येतं, सोल्डरिंग येत असेल तर एका संध्याकाळचं काम आहे, पण दुप्पट होणार नाही, का ते सांगतो.

पहिलं म्हणजे दोन-तीन वर्षांत एलईडी म्हातारा होत नाही. पॅक होतो. पॅक फुल चार्ज कर, मल्टीमीटर लाव, ८.३-८.४ दाखवेल, मग लाइट फुलवर चालू करून बघ, आकडा लगेच ७ च्या आसपास किंवा खाली कोसळला तर सेल गेलेत आणि एलईडीवर घालायचे पैसे सेलवर घाल. वायरच्या जॉइंटला असलेला गोल कनेक्टर पण बघ, आत हिरवट गंज असेल तर तिथेच व्होल्टेज खातो. हे दोन्ही ठीक असेल तरच हेडलाइट उघड.

टी६ हे एलईडीचं मॉडेल नाही. मॉडेल क्री कंपनीचं एक्सएम-एल, आणि टी६ हा त्याचा ब्राइटनेसचा वर्ग, ७०० मिलीअँपिअरला किमान २८० लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप). बॉक्सवर काही हजार लुमेन छापलेले असतात त्याकडे बघू नकोस. आता ड्रायव्हर (एलईडीला करंट देणारं सर्किट) तोच ठेवून, म्हणजे करंट तेवढाच ठेवून तू नवा चांगला एलईडी टाकलास तर अस्सल टी६ च्या तुलनेत साधारण पाव पट उजेड वाढेल, आणि तेवढा फरक डोळ्याला जेमतेम कळतो. स्वस्त लाइटमध्ये बऱ्याचदा हुबेहूब दिसणारा नकली एलईडी असतो, तसा निघाला तर फरक जास्त दिसेल. पण खरा फायदा दोन गोष्टींचा, एलईडीची उष्णता बॉडीत नीट उतरते आणि उजेडाचा रंग सुधारतो. हे दोन साधण्यासाठी लाइट उघडायचा असेल तर मनापासून सांगतो, उघड.

उघडताना पॅक काढून बाजूला ठेव. पुढची रिंग आट्याची असते, पण कधीकधी आट्यांना गोंद लावलेला असतो, पक्कड लावू नकोस, रिंग चेपली की पुन्हा कधीच पाणी अडवणार नाही. हेअर ड्रायरने रिंग दोन-तीन मिनिटं गरम कर, जुन्या ट्यूबचे दोन तुकडे घे, एक रिंगला एक बॉडीला गुंडाळ आणि पिळ. सुटते. काच, ओ-रिंग, रिफ्लेक्टर या क्रमाने बाहेर येईल. रिफ्लेक्टरच्या आत बोट किंवा कापड अजिबात लावायचं नाही, तो ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की मऊ कापडानेसुद्धा ओरखडे पडतात, धूळ असेल तर फक्त ब्लोअरने उडव.

आता आत बघ. एलईडी एका गोल पट्टीवर सोल्डर केलेला असतो, तिला स्टार म्हणतात, १६ किंवा २० मिलिमीटरची, कॅलिपरने मोज. बऱ्याच लाइटमध्ये हा स्टार स्क्रूने बसवलेलाच नसतो, नुसता रिफ्लेक्टरच्या दाबाने खाली टेकलेला असतो आणि मध्ये पांढरी पेस्ट, जी आता सुकून खडूसारखी झालेली असणार. स्टार उचलून खालची बाजू बघ. पेस्टचा ठसा एका कडेलाच असेल तर समजायचं की उष्णता तेवढ्यातूनच जात होती, बाकी एलईडी आपला भाजत होता, आणि एलईडी तापला की उजेड घटतो तो तिथेच. नुसतं आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून, खालची जागा सपाट नसेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून, चांगल्या थर्मल पेस्टचा पातळ थर देऊन परत बसवलंस तरी लाइट सुधारतो. आधी हे करून एक रात्र चालवून बघ असं मी म्हणेन.

एलईडी बदलायचाच असेल तर सुटा घेऊ नकोस, तांब्याच्या स्टारवर आधीच बसवलेला घे. त्यातही डीटीपी लिहिलेला, म्हणजे एलईडीचा मधला पॅड मधे इन्सुलेशन न येता थेट तांब्याला जोडलेला असतो. अलीएक्सप्रेस २०२० पासून आपल्याकडे बंद आहे, त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं, नाहीतर माउझर किंवा डिजीकी या सुट्या पार्टच्या ऑनलाइन दुकानांतून मागवायचं, तिथे एकट्या एलईडीला शिपिंग परवडत नाही, ग्रुपमधले चार जण मिळून मागवा.

कोणता घ्यायचा? दोन पर्याय. एक्सएम-एल२ घेतलास तर माप तेच, ५ बाय ५ मिलिमीटर, सगळं जसंच्या तसं बसतं. दुसरा सॅमसंगचा एलएच३५१डी, ५००० केल्विन (उजेडाच्या रंगाचा आकडा, जास्त म्हणजे निळसर), ९० सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा), लुमेन थोडे कमी पण खड्डा, वाळू, चिखल यांचे रंग वेगळे दिसतात. तुझी तक्रार ओल्या रस्त्याची आहे म्हणून मी हा घेईन, निळसर ६५०० केल्विनचा उजेड ओल्या डांबरावर काहीच कळू देत नाही, वरंध घाटात जुलैत धुक्यात गेलास की पटेल. पण याचं माप ३.४५ मिलिमीटर आहे. एलईडीभोवती जी पांढरी प्लॅस्टिकची चकती असते तिचं भोक ५ मिलिमीटरचं, त्यात हा हलेल, मध्यात राहणार नाही. म्हणून ३.५ भोकाची चकती सोबतच मागव. चकती वगळायची नाही हे लक्षात ठेव, रिफ्लेक्टर धातूचा आहे, चकती नसेल किंवा सोल्डरचा गोळा उंच राहिला असेल तर रिफ्लेक्टर प्लस-मायनस दोन्हीला टेकतो आणि ड्रायव्हर जातो.

सोल्डर करताना जुना स्टार बॉडीत असतानाच वायर सोडवायला जाऊ नकोस, बॉडी सगळी उष्णता ओढून घेते, २५ वॅटचं आयर्न काहीच करू शकत नाही. वायर स्टारजवळ कापून घे, स्टार बाहेर काढ, नवा स्टार लाकडाच्या तुकड्यावर ठेवून पॅडला आधी टिन (सोल्डरचा पातळ थर) लाव, मग वायर. प्लस-मायनस दोनदा बघ. एलईडीचा घुमट मऊ सिलिकॉनचा असतो, त्याला चिमटा लावायचा नाही. रिफ्लेक्टर बसवल्यावर आणि पॅक जोडायच्या आधी मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवून रिफ्लेक्टर ते प्लस, रिफ्लेक्टर ते मायनस तपास, दोन्हीकडे बीप येता कामा नये.

मग लो मोडला चालू कर आणि भिंतीवर बीम बघ. मध्ये काळं वर्तुळ दिसलं तर एलईडी फोकसच्या खाली किंवा वर आहे, चकतीची जाडी कमीजास्त करून अर्धा मिलिमीटर हलवलास तरी फरक पडतो. मग फुलवर दोन मिनिटं चालवून बॉडीला हात लाव. बॉडी गरम व्हायला हवी. उजेड फुल आणि बॉडी थंडगार असेल तर उष्णता एलईडीतच अडकलीये, परत उघड. गरम झाली की बंद कर, घरात वारा नसतो, रस्त्यावर असतो.

ड्रायव्हरचा करंट वाढवायचे व्हिडिओ दिसतील, त्या वाटेला जाऊ नकोस. तुझ्या पॅकमध्ये सेल खरे २२०० एमएएचचे धरले तर दोन-दोन सेल समांतर म्हणून ४४०० एमएएच गुणिले ७.४ व्होल्ट, म्हणजे साधारण ३२ वॅट-अवर. एलईडीला १ अँपिअर दिलास तर ड्रायव्हरचा तोटा धरून साडेतीन वॅट, नऊ तास. अडीच अँपिअरला साडेनऊ वॅट, तीन तासांच्या वर थोडंसं. सकाळी ६ ला सुटलास तर ३०० ची २० तासांची मुदत रात्री २ ला संपते, अंधारात सहा-सात तास, त्यामुळे चढाला लो, सपाटीवर मीडियम, फुल फक्त घाट उतरताना.

बंद करताना ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लाव, व्हॅसलिनने काही रबर फुगतात. आत फेविक्विक वापरू नकोस, त्याच्या वाफेने रिफ्लेक्टरवर पांढरट धुकं बसतं आणि ते निघत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंटही नको, एलईडीला मानवत नाही, न्यूट्रल क्युअरवालं मिळतं ते घे. आणि कोरड्या दिवशी बंद कर, पावसाळी हवा आत कोंडली की काचेला आतून वाफ धरते.

शेवटी बसवताना, हा गोल बीम आहे, वरचा उजेड कापला जात नाही, तो सरळ समोरच्या बाइकवाल्याच्या डोळ्यात जातो आणि आंधळा झालेला माणूस आपल्याच अंगावर येतो. सायकल भिंतीपासून ५ मीटरवर उभी कर, बीमचा सगळ्यात तेजस्वी भाग हेडलाइटच्या उंचीपेक्षा वीतभर तरी खाली पडला पाहिजे. पॅकचा लोडवरचा व्होल्टेज आणि स्टारच्या खालचा फोटो इथे टाक, पेस्ट नुसती बदलून भागेल का एलईडी लागेल ते त्यावरून सांगता येईल.