तोफांच्या युगात किल्ले कशासाठी?

प्रश्न : एकोणिसाव्या शतकात तोफांपुढे तटबंदीचा निभाव लागेनासा झाला होता. तरीही युरोपात, विशेषतः जर्मनीत, मध्ययुगीन धर्तीचे किल्ले पुन्हा उभारले गेले, ते का? या वास्तू नकली मानाव्यात का?

उत्तर : हे किल्ले शत्रूला अडवण्यासाठी नव्हतेच; ते भूतकाळावर हक्क सांगण्यासाठी उभे राहिले. १८७१ पर्यंत जर्मनी अनेक राज्यांत विभागलेली होती आणि या सर्वांना जोडणारा वारसा मध्ययुगात सापडेल, अशी तेथील राजघराण्यांची व सुशिक्षितांची धारणा होती. म्हणूनच शतकानुशतके अपुरे राहिलेले कोलोनचे कॅथिड्रल १८४२ मध्ये पुन्हा हाती घेऊन १८८० मध्ये पूर्ण करण्यात आले, आणि प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याच्या राजाने आपल्या घराण्याच्या मूळ स्थानी होहेनत्सोलर्न किल्ला नव्याने बांधायला घेतला.

दक्षिण जर्मनीच्या बव्हेरियातील नॉयश्वानश्टाइन किल्ला सर्वांत प्रसिद्ध खरा, पण राष्ट्रीय अस्मितेचे उदाहरण म्हणून मला तो दुय्यम वाटतो. बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाचे ते खासगी स्वप्न होते आणि त्याची सुरुवातीची रेखाटने रंगभूमीचे पडदे रंगवणाऱ्या क्रिस्टियान यांक याची होती.

खरे बोलके उदाहरण फ्रान्स-जर्मनी सीमेवरील आल्सास प्रांतातल्या ओ-कोनिग्सबूर किल्ल्याचे. सतराव्या शतकात युरोपात पेटलेल्या ‘तीस वर्षांच्या युद्धा’त, १६३३ मध्ये, स्वीडिश सैन्याने हा डोंगरी किल्ला उद्ध्वस्त केला. जर्मनीने १८७१ मध्ये आल्सास फ्रान्सकडून घेतल्यानंतर, १८९९ मध्ये तेथील सेलेस्ता शहराने किल्ल्याचे अवशेष कैसर (जर्मन सम्राट) दुसऱ्या विल्हेल्मला भेट दिले. कैसरने १९०० ते १९०८ या काळात बोडो एबहार्ट या वास्तुविशारदाकडून त्याची पुनर्बांधणी करून घेतली. हा प्रांत पूर्वापार जर्मनच आहे, हे लोकांच्या डोळ्यांसमोर उभे करायचे होते. जर्मनीच्या पूर्व सीमेकडील मारियेनबुर्ग किल्ल्याचा जीर्णोद्धारही त्याच दृष्टीने पाहिला जाई.

मात्र ओ-कोनिग्सबूरला सरसकट नकली म्हणणे अन्यायाचे ठरेल. एबहार्टने अवशेषांचा बारकाईने अभ्यास केला आणि जुने-नवे काम ओळखता यावे म्हणून नव्याने बसवलेल्या दगडांवर खुणा कोरवल्या. मुख्य बुरुजाच्या उंचीवरून मात्र त्याच्यावर त्या काळीच टीका झाली. फ्रान्समध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनसाठी पिएरफाँचा किल्ला पुन्हा बांधताना वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युक याने तर कल्पनेला याहून मोकळा वाव दिला होता. तेव्हा या वास्तू मध्ययुगाचा नव्हे, तर एकोणिसाव्या शतकाच्या मनाचा अस्सल पुरावा म्हणून वाचाव्यात. पहिल्या महायुद्धानंतर आल्सास पुन्हा फ्रान्सकडे आल्यावर, १९१९ मध्ये, ओ-कोनिग्सबूर फ्रेंच सरकारच्या मालकीचा झाला आणि कैसरने उभारलेले ते तट फ्रान्सने आजवर जतन केले आहेत.